मण्यावरची पांढरी पावडर
(लेखमाला : रोजच्या खाण्यातलं विज्ञान, भाग ९)

फेब्रुवारी लागला की सोलापुरात नान्नजकडची द्राक्षं गाड्यांवर दिसू लागतात. ‘सोनाका’ हे वाण याच गावच्या काळे कुटुंबाचं, त्यामुळे इथला माणूस द्राक्षं पारखूनच घेतो. घड उचलतो, उजेडात धरतो आणि मण्यांवर पांढुरकी पावडर दिसली की खाली ठेवतो. ‘औषध मारलंय!’ मग विकणाराही पुढच्या वेळी फडक्यानं मणी चकचकीत पुसून ठेवतो.

ती पावडर बहुतेक वेळा फवाऱ्याची नसतेच. मणी स्वतःच्या सालीवर जे मेण तयार करतो, ते हे. मण्यातलं पाणी ते उडू देत नाही. पुसलं की घड लवकर मलूल पडतो. फवाऱ्याचे अवशेष दिसलेच तर थेंबाचे, ओघळाचे डाग म्हणून दिसतात. मेण मात्र मणीभर एकसारखं पसरलेलं असतं.

हे मेण किती चिवट, ते पंढरपूर तालुक्यातल्या बेदाणा शेडवर कळतं. शंभर लिटर पाण्यात साधारण अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर डिपिंग ऑइल कालवतात आणि घड त्यात दोन-चार मिनिटं बुडवून जाळीवर पसरतात. एवढं करूनही मेण निघून जात नाही. त्याच्या थरांची रचना विस्कटते आणि आतल्या पाण्याला बाहेर पडायला वाट मिळते, एवढंच. पण तेवढ्यानं महिनाभर रेंगाळणारं वाळवण पंधरवड्यात उरकतं आणि चार किलो द्राक्षांचा किलोभर बेदाणा होतो. मग चिमूटभर मिठाच्या पाण्यानं ‘मेण काढलं’ म्हणणाऱ्या व्हिडिओंवर किती विश्वास ठेवायचा?

सुदैवानं हे मेण काढायची गरजच नाही. काढायचा असतो तो त्यावर बसलेला फवारा, आणि त्याला नळ पुरतो. अमेरिकेतल्या कनेक्टिकट कृषी प्रयोग केंद्रानं २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात साध्या वाहत्या पाण्यानं बारापैकी नऊ कीटकनाशकांचे अवशेष कमी झाले. गंमत म्हणजे औषध पाण्यात विरघळणारं आहे की नाही, याचा त्याच्याशी संबंध दिसला नाही. म्हणजे काम करते ती पाण्याची धार आणि हाताचं चोळणं. द्राक्षाचा घड नुसता भांड्यात बुडवून काढू नये. मणी सुटे करून धारेखाली चोळावेत. मेथी-कोथिंबिरीला धार सोसत नाही, तिथं मोठ्या पातेल्यात दोन-तीनदा पाणी बदलावं. साबण नको, फळं तो शोषून घेतात.

खायच्या सोड्याची मात्र दखल घ्यायला हवी. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या २०१७ च्या प्रयोगात लिटरभर पाण्यात दहा ग्रॅम सोडा घालून सफरचंदं बारा ते पंधरा मिनिटं ठेवली, तेव्हा दोन कीटकनाशकांचे सालीवरचे अवशेष निघून गेले. त्याच प्रयोगातली दुसरी बाब व्हिडिओवाले सांगत नाहीत : त्यातल्या थायाबेंडाझोलचा सुमारे पाचवा हिस्सा आधीच सालीतून आत उतरला होता. तिथं सोडा पोचला नाही.

सफरचंदावरचं वरून लावलेलं मेण हा वेगळा मामला. पॅकिंगच्या आधी फळं धुताना त्यांचं मूळचं मेण जातं, म्हणून मधमाशीचं मेण, लाख किंवा कार्नोबा पामच्या पानांचं मेण लावतात. आपल्याकडे कायद्यानं ही तिन्ही चालतात. फक्त लेबलावर तसं लिहायला हवं. एका फळाला थेंब-दोन थेंब मेण लागतं आणि ते पचत नाही, तसंच बाहेर पडतं. कोमट पाण्यात ते विरघळेल ही आशा सोडावी. कार्नोबा ऐंशी अंशांच्या वर वितळतो, तोवर सफरचंद शिजेल. चिंता असेल तर साल काढावी, विषय संपला.

खरी अडचण आत उतरलेल्या औषधाची. २०१० साली महाराष्ट्राची द्राक्षं युरोपात अडकली ती लिहोसिनमुळे, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइडमुळे. वेलीची वाढ आवरून काडीत घड चांगले धरावेत म्हणून बागायतदार ते वापरत. ते वेलीत मुरतं आणि तिथून मण्यात येतं. युरोपची मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम होती आणि आपल्या तपासणीच्या यादीत त्याचं नावच नव्हतं. कंटेनर परत फिरले, बागायतदार कर्जात गेले. ती द्राक्षं कितीही धुतली असती तरी फरक पडला नसता.

तसं पाहिलं तर निर्यातीच्या बागांवर करडी नजर असते. कोणतं औषध कधी मारलं याची नोंद, शेवटची फवारणी आणि तोडणी यांत ठरलेले दिवस, प्रयोगशाळेचा अहवाल. गाड्यावर येणाऱ्या घडाला बागेगणिक असा अहवाल सक्तीचा नाही. म्हणून ओळखीच्या बागायतदाराकडून घेत असाल, तर पावडरीबद्दल न विचारता शेवटचा फवारा कशाचा आणि कधी घेतला, ते विचारा. वही ठेवणारा लगेच सांगेल.