सावरपाडा ते रिओ : कविता राऊतच्या धावण्याचा मागोवा

८ ऑक्टोबर २०१०. दिल्लीच्या नेहरू स्टेडियमवर राष्ट्रकुल स्पर्धेतली महिलांची दहा हजार मीटरची शर्यत संपली. केनियाच्या ग्रेस मोमान्यी आणि डोरिस चांगेवो या पहिल्या दोघी. त्यांच्यामागून ३३ मिनिटे ५.२८ सेकंदांत तिसरी आली ती नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत. विजेतीपासून अर्धा मिनिट मागे, पण राष्ट्रकुलात ट्रॅकवर वैयक्तिक पदक घेणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. त्याआधी असं पदक होतं ते मिल्खासिंगांचं, १९५८ साली कार्डिफला मिळालेलं. मधली ५२ वर्षं कोरडीच गेली होती.

वर्तमानपत्रांत ती ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ म्हणून गाजली. आमच्या मोखाडा तालुक्याची हद्द ओलांडली की त्र्यंबकेश्वर तालुका लागतो, आणि त्यातल्या हरसूल भागात सावरपाडा आहे. जिल्हा वेगळा, मुलूख तोच. तीच नाचणी-वरई, पावसाळाभर तोच धबाबा पाऊस आणि मार्च उजाडला की पाण्यासाठी तीच वणवण. त्यामुळे जव्हार-मोखाड्यातही या पदकाचं अप्रूप घरच्यासारखंच होतं.

बातम्यांमध्ये एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा येत राहिली. डोक्यावर हंडा, पायाखाली डोंगर, आणि म्हणून पोरगी धावपटू झाली. हे ऐकायला बरं वाटतं. पण डोक्यावर हंडा घेऊन चढ चढणाऱ्या मुली आमच्याकडे घरटी आहेत. पायपिटीनेच पदकं मिळायची असती तर एकट्या मोखाडा तालुक्याने आशिया जिंकला असता. पायपिटीने दम येतो हे खरं, पण त्या दमाचं पुढे काय करायचं हे कुणीतरी शिकवावं लागतं.

ते शिकवणारे भेटले नाशिकला. भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर विजेंदर सिंग मुलामुलींना लांब पल्ल्याचं धावणं शिकवत होते. हरसूलकडची शाळकरी कविता त्यांच्या हाताखाली आली आणि घडली. पुढे राष्ट्रीय शिबिरात बेलारूसचे प्रशिक्षक निकोलाय स्नेसारेव्ह यांची कडक शिस्त वाट्याला आली. धावणंच का निवडलं, याचं तिने दिलेलं कारण साधं होतं : अनवाणीही धावता येतं, खर्च नाही.

याच कारणामुळे आमच्या भागातून बांबूउडीचा खेळाडू निघत नाही. गंमत अशी की बांबू इथे हवा तेवढा आहे, आणि १९४०च्या दशकापर्यंत जगातले विक्रम खरोखरच्या बांबूवरच होत होते. मग काचतंतूचा पोल आला. फिनलंडच्या पेंटी निकुलाने त्या लवचीक पोलवर १९६२ मध्ये ४.९४ मीटरचा जागतिक विक्रम केला, तोवर तो खेळ बांबूच्या बेटातून कायमचा बाहेर पडला होता. पोल हवा, पडायला जाडजूड गाद्या हव्यात, सोबत जाणता प्रशिक्षक हवा. आश्रमशाळेच्या सामानाच्या यादीत यातलं काही बसत नाही.

तिथे बसतं ते धावणं. जव्हारला आश्रमशाळांच्या प्रकल्पस्तरीय स्पर्धा भरतात तेव्हा लाल मातीवर फक्कीने ट्रॅक आखलेला असतो, तोही बहुतेक दोनशे मीटरचाच. तीन हजार मीटरसाठी पंधरा फेऱ्या. चार-पाच फेऱ्यांत आतल्या कडेची फक्की पायांनी पुसून जाते आणि मुली वळण कापू लागतात. कडेला गुरुजी हातातल्या कागदावर फेऱ्या मांडत असतात, मध्येच त्यांचाही हिशेब चुकतो आणि मग वाद होतात. जिंकलेली मुलगी वरच्या स्पर्धेला जाते. पण घर दिवाळीनंतर वीटभट्टीवर निघून गेलेलं असलं की तिचा सरावही अनेकदा तिथेच थांबतो.

कविताच्या कारकिर्दीतली मला सर्वांत मोठी वाटणारी शर्यत दिल्लीची नाही. दिल्लीनंतर अवघ्या सहा आठवड्यांनी चीनमध्ये ग्वांगझूला आशियाई स्पर्धा झाल्या. दहा हजार मीटर म्हणजे पंचवीस फेऱ्या. केरळची प्रीजा श्रीधरन ३१ मिनिटे ५०.४७ सेकंदांत पहिली आली, कविता ३१ मिनिटे ५१.४४ सेकंदांत दुसरी. बहारीनकडून धावणारी शिताये एशेते तिसरी. दोन भारतीय मुलींत एका सेकंदाचंही अंतर नव्हतं. दिल्लीची वेळ शेजारी ठेवून पाहावी : कविताने ७३ सेकंदांहून अधिक वेळ वाचवला होता, म्हणजे दर फेरीला जवळपास तीन सेकंद. दीड महिन्यात शरीर एवढं बदलत नाही. शिबिरातली मेहनत आधीच अंगात मुरलेली होती. ग्वांगझूला ती बाहेर आली, आणि शेजारी प्रीजा होती म्हणून पूर्ण बाहेर आली.

पाच हजार मीटरमध्येही तेच घडलं. बहारीनची मिमी बेलेटे पहिली, प्रीजा दुसरी, कविता तिसरी, आणि तिघींच्या वेळा एका सेकंदाच्या आत. एका स्पर्धेत एक रौप्य, एक कांस्य. तरी आमच्याकडे सत्काराच्या भाषणांत राष्ट्रकुलाचंच पदक पुढे असतं. ‘पहिली महिला’ म्हटलं की भाषण सोपं होतं. ग्वांगझूची रुपेरी कामगिरी समजायला घड्याळ बघावं लागतं.

२०१२ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी लंडन ऑलिम्पिक मात्र हुकलं. ट्रॅकवरचे दिवस उतरणीला लागले होते. अशा वेळी बरेचजण थांबतात. कविता मॅरेथॉनकडे वळली. पंचवीस फेऱ्यांची सवय असलेल्या पायांना ४२ किलोमीटर १९५ मीटर धावायला लावणं ही वेगळीच परीक्षा असते. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिने २ तास ३८ मिनिटे ३८ सेकंदांत सुवर्ण घेतलं. रिओ ऑलिम्पिकच्या पात्रतेसाठी २ तास ४५ मिनिटे पुरेशी होती. तिकीट पक्कं झालं.

१४ ऑगस्टला रिओत १२०वी. वेळ २ तास ५९ मिनिटे २९ सेकंद. गुवाहाटीपेक्षा एकवीस मिनिटं जास्त, आणि हा आकडा झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्याच शर्यतीत भारताचीच ओ. पी. जयशा ८९वी आली, शर्यत संपवून कोसळली, आणि वाटेत पाणी मिळालं की नाही यावर इथे महिनाभर धुरळा उडाला. त्या धुरळ्यात कविताची शर्यत कुणी नीट पाहिलीच नाही. वयाच्या ३१व्या वर्षी, ट्रॅक सोडून थोडाच काळ झालेला असताना, सावरपाड्याची मुलगी ऑलिम्पिक मॅरेथॉनच्या अंतिम रेषेपर्यंत गेली होती. त्या दिवशी कित्येकींनी शर्यत अर्ध्यात सोडली.

मागाहून नाशिकच्या त्याच मैदानावरून इतर मुली पुढे आल्या. विजेंदर सिंग यांच्याच तालमीतली मोनिका आथरे २०१७ मध्ये लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन धावली. त्याच वर्षी भुवनेश्वरच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत संजीवनी जाधवने पाच हजार मीटरचं कांस्य मिळवलं. कविताने ज्या अंतरात ग्वांगझूला तिसरा क्रमांक घेतला होता, तेच अंतर.