तीन मनोऱ्यांची हवेली

क्युबाच्या दक्षिण किनाऱ्यावर सिएनफ्युएगोस हे टुमदार बंदर आहे. स्पॅनिश अमलात, १८१९ मध्ये फ्रेंच वसाहतकऱ्यांनी ते वसविले. २००५ पासून त्याचा जुना भाग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. शहराच्या दक्षिणेस, खाडीत शिरलेल्या पुन्ता गोर्दा या भूशिरावर ‘पालासिओ दे वाये’ ही हवेली उभी आहे.

तिचे धनी आसिस्क्लो देल वाये हे स्पेनमधील आस्तुरियास प्रांतातून आलेले साखरेचे धनाढ्य व्यापारी होते. १९१३ ते १९१७ या काळात ही वास्तू आकारास आली. दर्शनी भागावर तीन मनोरे असून, ते सत्ता, धर्म व प्रेम यांची प्रतीके मानले जातात. आत पाकळीदार महिरपी, रंगीत फरशा आणि ग्रानादाच्या अलहम्ब्रा राजवाड्याची आठवण देणारे नक्षीकाम आहे. संगमरवर इटलीतील काराराचा, तर महोगनी लाकूड क्युबाचेच. १४९२ मध्ये ग्रानादा येथील शेवटची मुस्लिम राजवट संपली आणि त्याच वर्षी कोलंबस क्युबाच्या किनाऱ्यास लागला. मूरांची कला अशा रीतीने त्यांच्या विजेत्यांच्याच हातून सागरापार पोहोचली.

या वैभवाचा पाया साखर होता. पहिल्या महायुद्धात युरोपातील बीटाची शेते उद्ध्वस्त झाली आणि क्युबाच्या साखरेला सोन्याचा भाव आला. मे १९२० मध्ये पौंडाला बावीस सेंटांच्या वर गेलेला दर त्याच वर्षाअखेरीस चार सेंटांच्या खाली घसरला. अनेक पेढ्या बुडाल्या. त्याआधीचा हिशेबही विसरता येत नाही. क्युबातील गुलामगिरी १८८६ मध्ये संपली. तोवर उसाचे मळे गुलामांच्या घामावर पोसले गेले होते.

पुढे १९५० च्या दशकात हवेलीत जुगारगृह थाटले गेले. सप्तव्यसनांत ज्याचे नाव पहिले, तेच त्या कोरीव महिरपींखाली नांदू लागले. आज तेथे उपाहारगृह आहे आणि गच्चीवरून प्रवासी खाडीवरचा सूर्यास्त पाहतात.

आचार्य हेमचंद्रांनी ‘योगशास्त्रा’त सद्गृहस्थाचे पस्तीस गुण सांगितले आहेत. त्यांत पहिला मान न्यायाने मिळविलेल्या संपत्तीला आहे. परिग्रह-परिमाण व्रत त्या संपत्तीला मर्यादा घालते. हवेलीचा धनी बदलतो, उपयोगही बदलतो. धन कोणत्या मार्गाने आले आणि किती पुरेसे मानले, ही नोंद मात्र घराण्याच्या वहीत कायम राहते. वास्तू पाहताना डोळे मनोऱ्यांकडे जातात. व्यापाऱ्याने पायाकडेही पाहावे.