विजयेची सेंद्रिय लागवड आणि भूमिपरीक्षा

जातीफलादि चूर्ण आपल्या व्यवसायात नित्य परिचयाचे आहे. परंतु त्यातील विजया कोणत्या मातीत वाढली, हे आपण क्वचितच विचारतो. गोणीवर ‘सेंद्रिय’ हा शब्द दिसला की आपले समाधान होते. हे समाधान अपुरे आहे, असे आम्हांस वाटते.

सुश्रुतसंहितेच्या भूमिप्रविभागीय अध्यायात वारूळ, स्मशान इत्यादींनी दूषित भूमी औषधींसाठी त्याज्य मानली आहे. आज त्या यादीत कारखान्यांचे सांडपाणी आणि वाहत्या महामार्गाची कडही धरली पाहिजे. कारण विजयेची मुळे खोल जातात आणि जमिनीतील शिसे, कॅडमियम यांसारखे धातू शोषून घेतात. रासायनिक खत न घातल्याने हे धातू नाहीसे होत नाहीत. शहरी कचऱ्यापासून केलेल्या खतातून तर त्यांची भरच पडू शकते.

म्हणून लागवडीपूर्वी माती व खत, दोन्ही तपासावीत. पाण्याचा उत्तम निचरा होणारी, ६ ते ७.५ सामू असलेली पोयट्याची जमीन या पिकास मानवते. ताग किंवा धैंचा गाडून, पूर्ण कुजलेले शेणखत मिसळावे. पानांच्या वाढीच्या काळात नत्राची गरज अधिक असते. दिवस लहान होऊ लागताच झाड फुलोऱ्याकडे वळते, तेव्हा नत्र आवरते घ्यावे. किडींसाठी निंबोळी अर्क फुलोऱ्यापूर्वीच वापरावा. पाने सावलीत, हवेशीर जागी वाळवावीत. ओलसर राहिल्यास बुरशी धरते.

मात्र ही लागवड आपल्या परसात करण्याची नव्हे. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक अधिनियमानुसार परवान्याविना एक झाड लावणे हाही गुन्हा आहे. उत्तराखंडाने २०१८ मध्ये परवाने देण्यास आरंभ केला, तोही ०.३ टक्क्यांपर्यंतच टीएचसी असलेल्या, तंतू व बियांसाठीच्या पिकाकरिता. औषधासाठीची पाने राज्याच्या उत्पादन शुल्क नियमांनुसार, अधिकृत मार्गानेच घ्यावीत.

खरेदीच्या वेळी परवान्याची प्रत, मातीचा अहवाल आणि त्या मालाच्या धातुपरीक्षणाचा दाखला मागावा. आयुर्वेदीय औषधिकोशाप्रमाणे मर्यादा अशा: शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ पीपीएम. शोधन आवश्यक आहेच. परंतु ते या परीक्षणाला पर्याय नव्हे. रुग्ण आपल्या विश्वासावर चूर्ण घेतो. त्या विश्वासाचा आरंभ शेताच्या बांधावर होतो, हे आपण विसरू नये.