समुद्रापासून दूरची जहाजबांधणी

रायगड जिल्ह्यातल्या कर्जत-खालापूरला समुद्रकिनारा नाही, म्हणून जहाजबांधणीशी इथला संबंध नाही, हा समज चुकीचा आहे. गोदीत जहाजाचा सांगाडा जोडला जातो. इंजिन, पंप, व्हॉल्व्ह, गिअरबॉक्स बाहेरून येतात आणि किमतीचा मोठा वाटा त्यांचाच असतो. किनाऱ्यापासून कितीतरी दूर, पुणे जिल्ह्यातल्या वालचंदनगरला नौदलासाठी गिअरबॉक्स बनतात. टर्बाइन मिनिटाला हजारो फेरे घेतं, जहाजाच्या पंख्याला काहीशेच पुरतात. ही गती उतरवणाऱ्या चाकांच्या दात्यांत केसाएवढा फरक राहिला, तरी आवाज वाढतो आणि शत्रूच्या पाणबुडीला माग लागतो. खालापूर तालुक्यातल्या खोपोलीत कित्येक दशकं मिश्र पोलाद तयार होतंय. अशी काटेकोर शिस्त इथे नवी नाही.

उद्योगपती वालचंद हिराचंदांच्या विशाखापट्टणमच्या खासगी गोदीतून 1948 साली ‘जल उषा’ ही बोट पाण्यात उतरली, पण ती गोदी पुढे सरकारकडे गेली. 1960 मध्ये सरकारी झालेली मुंबईची माझगाव गोदी टिकली. दाभोळची भारती, गुजरातची एबीजी या खासगी गोद्या मात्र कर्जात बुडाल्या. यावरून सरकारी गोदीच बरी, असं म्हणतात. मला ते पटत नाही. माझगावला नौदलाची हमखास मागणी होती, खासगी गोद्या जागतिक बाजाराच्या भरवशावर होत्या. इथे बांधण्यापेक्षा परदेशातून जहाज विकत घेणं स्वस्त पडतं, हा दुसरा आक्षेप आज खरा आहे. पण चीन-कोरियाची स्वस्ताई एकाच नमुन्याची जहाजं ओळीनं बांधण्यातून आणि हाताशी असलेल्या सुट्या भागांतून आली आहे. सप्टेंबर 2025 मध्ये केंद्रानं जहाजबांधणीसाठी 69,725 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यातला वाटा खोपोलीसारख्या गावांतल्या कारखान्यांपर्यंत यायला हवा.