जादू, जिन आणि यंत्रमानव : मुलांनी अशी पुस्तकं वाचावीत का?

पालकसभेत गुणांची चौकशी आटोपली की एक तक्रार हमखास आमच्या कानावर येते. मुलगी अभ्यास सोडून जादूच्या गोष्टी वाचते, मुलगा परग्रहावरच्या माणसांत रमतो, तुम्हीच दोन शब्द सांगा. कुणाला वेळ वाया जाण्याची चिंता असते, कुणाला अकीद्याची. मग परीक्षा जवळ आली की कादंबरी कपाटावर जाते. मुलीची आधी जाते, मुलाची नंतर. दोन्ही चिंता प्रामाणिक आहेत. म्हणून त्यांचा नीट विचार करू या.

घरातलीच परंपरा

आम्ही आलिम नाही. शरीअतचा मसला असेल तर तो जाणकारांनाच विचारावा. शिक्षक या नात्याने एवढं मात्र सांगू शकतो की जादूची गोष्ट वाचणं आणि जादूवर विश्वास ठेवणं यांतला फरक आठ-दहा वर्षांच्या मुलाला कळतो. तो घरात मोकळेपणी बोलला गेला पाहिजे, एवढंच.

शिवाय या गोष्टी काही काल बाहेरून आलेल्या नाहीत. लखनौच्या नवल किशोर प्रेसने 1883 पासून ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चे जाडजूड खंड छापायला सुरुवात केली. त्यांच्या आधी कितीतरी काळ दास्तानगो अमीर हम्झाची दास्तान लोकांना ऐकवत होते. या दास्तानीत जादूगार बहुतेक विरुद्ध बाजूला असतात. त्यांच्याशी झुंजणारा अमर अय्यार मुख्यतः अक्कलहुशारीवर, वेषांतरावर आणि हजरजबाबीपणावर जिंकतो. त्याच्या झंबीलमध्ये, म्हणजे त्या पिशवीत, सारी दुनिया मावते! पुढे कृष्ण चंदर यांनी मुलांसाठी ‘उल्टा दरख्त’ लिहिलं. त्यातलं झाड आकाशाकडे न वाढता जमिनीच्या पोटात वाढत जातं. उर्दू वाचणाऱ्या किती घरांतल्या दादी-नानींना या गोष्टी ठाऊक असतील!

सुलतानाचं स्वप्न

आता एक विज्ञानकथा पाहू. 1905 साली मद्रासच्या ‘द इंडियन लेडीज मॅगझीन’ या मासिकात ‘सुलतानाज ड्रीम’ ही इंग्रजी कथा प्रसिद्ध झाली. लेखिका होत्या बेगम रोकेया सखावत हुसैन. कथेतली सुलताना आरामखुर्चीत विचार करता करता झोपी जाते आणि स्त्रियांच्या राज्यात पोहोचते. तिथे पुरुष मर्दान्यात राहतात आणि कारभार स्त्रिया पाहतात. स्वयंपाकघरात धूर नाही, कोळसा नाही, कारण अन्न सूर्याच्या उष्णतेवर शिजतं. एका विद्यापीठाच्या स्त्रियांनी फुग्याला नळ्या जोडून ढगांतून पाणी घेण्याची युक्ती काढली आहे, दुसऱ्या विद्यापीठाने सूर्याची उष्णता साठवण्याची. शत्रू चालून येतो तेव्हा हीच साठवलेली उष्णता त्याला पळवून लावते. प्रवासाला हवेत उडणारी गाडी आहे. आणि त्या राज्यात 21 वर्षांआधी कुठल्याही मुलीचं लग्न होत नाही.

घराघरांत सौर चूल माहीत होण्याच्या कितीतरी आधी हे लिहिलं गेलं. लिहिणाऱ्या बाईंना स्वतःला मात्र शाळेत जायला मिळालं नव्हतं. बंगाली आणि इंग्रजी त्या घरीच, मोठ्या बहीण-भावाच्या मदतीने शिकल्या. कथेतली राणी देशभर मुलींच्या शाळा उघडते. बेगम रोकेयांनी 1911 मध्ये कलकत्त्यात सखावत मेमोरियल गर्ल्स स्कूल सुरू केलं, तेव्हा तिथे आठ मुली होत्या. कागदावरचं स्वप्न सहा वर्षांत त्या शहरातल्या एका वर्गखोलीपर्यंत पोहोचलं.

मुलीच्या हातून पुस्तक काढून घेण्याआधी हे आठवावं. जे अजून कुणी पाहिलेलं नाही त्याची कल्पना करायला ती शिकत असते. ‘असं झालं तर?’ हा प्रश्न ज्याला पडत नाही, त्याला ‘असंच का?’ हा प्रश्नही सहसा पडत नाही.

मराठीतली शिदोरी

मराठीत याची उणीव नाही. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या कथा मराठी मुलांपर्यंत आणल्या. डॉ. जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावाने पाठवली. आपल्या नावामुळे झुकतं माप मिळू नये, हा हेतू. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. त्यांची ‘वामन परत न आला’ ही कादंबरी विचार करणाऱ्या यंत्राविषयी आहे. आज मोबाइललाच प्रश्न विचारणाऱ्या नववी-दहावीच्या मुलांनी ती जरूर वाचावी.

उर्दू माध्यमाच्या मुलांना या पुस्तकांचा आणखी एक फायदा होतो. मराठीचा धडा वाचताना ही मुलं प्रत्येक अवघड शब्दाला अडतात. पुढे काय झालं याची ओढ लागली की तेच मूल चार अनोळखी शब्द ओलांडून पुढे जातं आणि पान संपेपर्यंत त्यांतल्या दोघांचा अर्थ संदर्भाने लावतं. हे आम्ही वर्गात पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. धास्ती गेली की भाषा येते.

घरी काय करावं?

सगळीच पुस्तकं सगळ्या वयांसाठी नसतात. काहींत क्रौर्य फार असतं, काही मोठ्यांसाठीच लिहिलेली असतात. म्हणून पुस्तक आधी स्वतः चाळावं. नुसतं मुखपृष्ठ पाहून हो किंवा नाही म्हणू नये.

इशानंतर अर्धा तास फोन बाजूला ठेवून एक प्रकरण मोठ्याने वाचावं. एक दिवस अम्मीने, एक दिवस अब्बूंनी, एक दिवस मुलांनी. दादीला डोळ्यांनी दिसत नसेल तर तिच्यासाठी वाचावं आणि तिच्याकडून एखादी दास्तान ऐकावी. वाचून झाल्यावर तीन प्रश्न विचारावेत. या दुनियेचा नियम काय आहे? त्या नियमाने कुणावर अन्याय होतो? तिथे तू असतास किंवा असतीस तर काय केलं असतं?

सुलतानाच्या स्वप्नावर हेच प्रश्न विचारून पाहा. सगळ्या पुरुषांना घरात बसवणं बरोबर आहे का, यावर मुलं आणि मुली कडाडून भांडतील. भांडू द्या. वाद विझत आला की हळूच विचारा, ‘मग मुलींना बसवणं?’ आणि उत्तर त्यांनाच शोधू द्या.