टाचेतली कळ आणि कट्ट्याभोवतीच्या फेऱ्या
लेखमाला : धावणारं शरीर – लेखांक ५

गणपती विसर्जन झालं की शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती पहाटेची वर्दळ वाढते. जानेवारीतला मुंबई मॅरेथॉनचा रविवार अजून चार महिने लांब असतो, पण पावसाळाभर घरात बसलेले पाय एकदम रस्त्यावर येतात. कट्ट्याची एक फेरी साधारण १.१७ किलोमीटरची. पहिल्या आठवड्यात तीन फेऱ्या, दुसऱ्यात सहा, आणि मग कुणीतरी म्हणतं, चला, आज सिद्धिविनायकावरून वरळी सी-फेसपर्यंत जाऊन येऊ. दिवाळीच्या सुमारास यांतल्या अनेकांची तक्रार सारखीच असते. सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेच्या आतल्या बाजूला जीवघेणी कळ येते. चार पावलं चाललं की ती ओसरते, धावताना जवळपास विसरायला होते, आणि ऑफिसात तासभर बसून उठलं की पुन्हा हजर.

घरातलं निदान तयारच असतं : टाचेचं हाड वाढलंय. एक्स-रे काढला तर हाडाला फुटलेला छोटा काटा दिसतोही, आणि सगळ्यांची खात्री पटते. पण असा काटा कधीही न दुखलेल्या कितीतरी टाचांमध्ये सापडतो, आणि बेजार करणाऱ्या कितीतरी टाचांमध्ये सापडत नाही. दुखतो तो बहुतेक वेळा टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत गेलेला जाड, चिवट पट्टा. डॉक्टर त्याला प्लांटर फॅशिया म्हणतात. मागच्या लेखात आपण फुप्फुसांपाशी होतो. आज तळपायाशी थांबू, कारण धावणं सोडून देणाऱ्यांपैकी बरेच जण इथे अडकतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना अडकण्याचं कारण नसतं.

पायात २६ हाडं आणि ३३ सांधे असतात. ही हाडं सपाट मांडलेली नसतात, त्यांच्या कमानी होतात. त्यांतली आतल्या बाजूची लांब कमान आपल्या कामाची. कमान हे धनुष्य मानलं, तर हा पट्टा त्याची दोरी. खुर्चीत बसून पाऊल जमिनीवर टेकवा आणि हाताने अंगठा वर उचला : तळव्याखाली पट्टा ताणला जातो आणि कमान उंचावते. जे. एच. हिक्स या ब्रिटिश अभ्यासकाने १९५४ मध्ये ही यंत्रणा नीट उलगडून दाखवली. धावताना प्रत्येक पावलाला आपल्या वजनाच्या दोन ते तीन पट भार जमिनीकडून परत येतो. त्याने कमान दबते, पट्टा ताणतो, आणि पाऊल उचलताना दोन्ही मूळ जागी येतात. १९८७ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका प्रसिद्ध संशोधनानुसार, एका पावलात शरीर जी ऊर्जा शोषून परत देतं, तिच्यातला सुमारे १७ टक्के वाटा एकट्या कमानीत साठवला जातो. म्हणजे कमान दबणं हा बिघाड नाही. दबून पुन्हा उठणं हेच तिचं काम आहे.

हे इतकं ठासून सांगायचं कारण आपल्याकडे सपाट पायाची भीती फार खोल रुजली आहे. नायगावच्या पोलीस मैदानाच्या आसपास भरतीची तयारी करणारी मुलं पहाटे १६०० मीटरचा सराव करतात, आणि तपासणीत ‘फ्लॅट फूट’ निघाला तर काय, ही चिंता त्यांच्या घरात महिनोन्‌महिने मुक्काम करून असते. भरतीचा नियम आपल्या जागी. पण सपाट पाय म्हणजे धावायला नालायक पाय, ही समजूत तिथून उरलेल्या सगळ्यांपर्यंत पोचली, आणि तिला फारसा आधार नाही. ओल्या पायाने फरशीवर ठसा उमटवून पाहा, मग चवड्यांवर उभे राहा. चवड्यांवर गेल्यावर कमान दिसत असेल, तर पाय लवचीक आहे आणि आकाराची काळजी सोडून द्यायला हरकत नाही. तेव्हाही कमान उमटली नाही, पाय ताठ वाटला किंवा दुखला, तर मात्र हाडांच्या डॉक्टरांना दाखवावं.

कमानीचा आकार पाहून बूट निवडण्याबाबतही असंच झालं. अमेरिकेच्या लष्करात भरती झालेल्यांना पायाच्या आकारानुसार वेगवेगळे बूट देऊन पाहिले, दुखापती कमी झाल्या नाहीत. डेन्मार्कमध्ये ९२७ नवख्या धावकांना एकाच प्रकारचे साधे बूट देऊन वर्षभर पाहिलं. पाऊल आत झुकणाऱ्यांना अधिक दुखापती झाल्या असं दिसलं नाही. महागड्या इनसोलकडे आधी धाव घेऊ नये, असं माझं मत आहे ते यामुळेच. दुखणं जोरात असताना टाचेखालचा मऊ आधार काही आठवडे आराम देतो, तेवढ्यापुरता तो जरूर वापरावा.

मग बूटच टाकून द्यावेत का? मणिपालच्या डॉक्टर राव आणि जोसेफ यांनी २३०० मुलांची पाहणी करून १९९२ मध्ये निष्कर्ष मांडले होते : पादत्राणं वापरणाऱ्या मुलांत सपाट पायाचं प्रमाण ८.६ टक्के, अनवाणी वाढणाऱ्यांत २.८ टक्के. बंद बूट घालणाऱ्यांत सर्वाधिक, चपला-सँडलवाल्यांत कमी. वाढत्या वयात पायाला काम मिळालं की तो घडतो, हे यातून दिसतं. १९१९ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत गावाकडची मुलं अनवाणी धावताना पाहून दोराबजी टाटा थक्क झाले, आणि पुढच्याच वर्षी भारताचे धावपटू अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेले. त्यांतले बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. मला ही कामगिरी आजही रोमांचक वाटते. पण त्या पिढीच्या पायांनी तो भार लहानपणापासून रोज थोडा थोडा पेलला होता. चाळिशीत, वीस वर्षं बुटात काढल्यावर, एका सोमवारी अनवाणी पाच किलोमीटर धावणारा माणूस त्यांचं अनुकरण करत नसतो. मधुमेहामुळे तळव्यांची संवेदना कमी झालेल्यांनी तर घरातही अनवाणी चालू नये.

सगळा प्रश्न भाराचा आहे : किती, आणि किती घाईने वाढवला. इथे मुंबईचा माणूस हिशोब चुकतो. मनगटावरचं घड्याळ धावण्याचे किलोमीटर मोजतं. दादर स्टेशनचे पूल, लोकलमध्ये दारापाशी तासभर उभं राहणं, परळच्या दुकानात दिवसभर कडक फरशीवर झिजलेल्या चपलेत काढलेले तास, यांची नोंद कुठेच होत नाही. पायाच्या दृष्टीने तो सगळा भारच. शिवाय कट्ट्याभोवती रोज एकाच दिशेने फिरणं, किंवा गिरगाव चौपाटीवर पाण्याच्या कडेने उतरत्या वाळूत धावणं, यात एक पाय कायम वेगळ्या कोनात पडतो. दिशा बदलत राहा. मरीन ड्राइव्हच्या काँक्रीटवर आठवड्याचं सगळं धावणं करू नका, थोडं पार्कातल्या लाल मातीवर न्या.

पट्ट्याचं दुखणं बरं करायला दोन गोष्टी लागतात. पहिली अंथरुणातच : उठण्याआधी पाय मांडीवर घ्यायचा, बोटं हाताने नडगीकडे ओढायची, दहा सेकंद धरायची, असं दहा वेळा. दुसरी गोष्ट ताकद, आणि तिच्यासाठी गिरगाव-लालबागच्या चाळींचा जिना हे उत्तम साधन आहे. पायरीच्या कडेवर एका पायाचा चवडा ठेवा, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल, हात कठड्यावर. तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली. एका दमात बाराच जमतील इतकं अवघड, सोपं वाटू लागलं की पाठीवर पुस्तकांची पिशवी घेऊन. हे एक दिवसाआड. डेन्मार्कच्याच संशोधकांनी हा व्यायाम तपासला, तेव्हा नुसतं ताणणाऱ्यांपेक्षा हा करणाऱ्यांना तीन महिन्यांत स्पष्ट जास्त आराम पडला होता. मजबूत पोटरी कमानीचा भार वाटून घेते. तीन महिने हा शब्द मात्र गंभीरपणे घ्या, आठवड्यात फरक पडत नाही. टाचेत इंजेक्शन घेतलं की वेदना झटकन जाते, पण अनेकदा परत येते, आणि वारंवार घेतल्यास पट्टा फाटण्याचा धोका असतो. बहुतेकांची टाच शस्त्रक्रियेवाचून वर्षभरात बरी होते.

या काळात धावणं पूर्ण बंद करायलाच हवं असं नाही. अंतर निम्म्यावर आणा. वेदना दहापैकी तीनच्या वर जात नसेल आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ आदल्या सकाळपेक्षा वाईट नसेल, तर चालू ठेवा.

आता नडगी. तिच्या आतल्या कडेने, खालच्या भागात, वीतभर पसरलेलं दुखणं हा बहुधा अतिभाराचा इशारा असतो, धावणं कमी केलं की शमतो. पण बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी दाबल्यावर जोरात दुखत असेल, रात्री झोपेत ठणकत असेल, एका पायावर उडी मारवत नसेल, तर हाडाला सूक्ष्म चीर गेलेली असू शकते. पावलाच्या वर मधोमध असं टोचणारं दुखणं आणखी धोक्याचं, कारण तिथली चीर सहज भरून येत नाही. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे साधा एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो, म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ ऐकून पुन्हा धावायला लागू नका. घोट्याच्या आतल्या हाडामागे सूज, एका पायावर टाच उचलताच न येणं आणि कमान हळूहळू खाली बसत जाणं, ही स्नायूच्या कंडरेची तक्रार आहे, तीही लवकर दाखवावी. एकच पोटरी सुजली, गरम झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

दाखवायचं कुठे, हा प्रश्न या भागात तरी अवघड नाही. परळच्या केईएममध्ये भौतिकोपचार १९५३ पासून शिकवला जातो, आणि हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. जाताना रोजचे धावण्याचे बूट बरोबर न्या आणि गेल्या सहा आठवड्यांत किती धावलात ते कागदावर लिहून न्या. तपासणाऱ्याला तो कागद एक्स-रेइतकाच उपयोगी पडतो.

पुढच्या आठवड्यात : पेडर रोडचा चढ, त्यानंतरचा उतार आणि गुडघा.