विष सगळ्यांना, ॲलर्जी काहींनाच

शिवनेरीच्या कड्यांवर, लेण्याद्रीच्या खडकात, आंबेगावच्या पश्चिमेला भीमाशंकरच्या जंगलात आग्या माशीची पोळी लटकलेली असतात. सातेरी माशी झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत राहते. आग्या उघड्यावर, कड्याच्या पोटाला एकच मोठं पोळं बांधते. त्यामुळे गर्दी, धूर, फटाके थेट तिच्यापर्यंत पोचतात आणि मोहोळ उठतं. मार्च २०२५ मध्ये, तिथीनुसारच्या शिवजयंतीच्या सुमारास, शिवनेरीवर असंच मोहोळ उठलं आणि अनेक शिवभक्त जखमी झाले. अशा बातमीनंतर काही वाक्यं हमखास कानावर येतात. ज्याला जास्त माश्या चावल्या त्याला ॲलर्जी झाली. मला पूर्वी चावली होती, काही झालं नाही, म्हणजे मला ॲलर्जी नाही. एव्हिलचं इंजेक्शन दिलं की काम झालं. तिन्ही चूक, आणि तिन्हींच्या मुळाशी एकच घोटाळा: विषानं केलेलं नुकसान आणि शरीरानं विषाला दिलेलं उत्तर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कुणी लक्षात घेत नाही.

आधी विषाचं पाहू. त्यातलं मेलिटिन आणि फॉस्फोलिपेज पेशींची आवरणं फोडतात, म्हणून चावलेल्या जागी आग होते आणि सूज येते. हे प्रत्येकाच्या बाबतीत घडतं. सूज दोन दिवस वाढत गेली, मनगटापासून कोपरापर्यंत पोचली, तरी तेवढ्यावरून जीवघेणी ॲलर्जी ठरत नाही. दंश शेकड्यांत गेले तर मात्र तांबड्या रक्तपेशी आणि स्नायू फुटू लागतात, त्यातून सुटलेली द्रव्यं मूत्रपिंडात अडकतात. यात ॲलर्जीचा संबंध नाही, सगळा हिशेब मात्रेचा. धडधाकट प्रौढासाठी प्राणघातक मात्रा साधारण हजार दंशांच्या आसपास मानली जाते. लहान मुलाला त्याहून कितीतरी कमी पुरतात. मूत्रपिंडाचा त्रास काही तासांनी, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतो. म्हणून शंभर-दोनशे दंश झालेला माणूस ‘आता बरं वाटतंय’ म्हणाला तरी त्याला जुन्नरच्या ग्रामीण किंवा मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयातून लगेच घरी नेणं शहाणपणाचं नाही. लघवी कमी झाली का, गडद झाली का, हे पाहावंच लागतं. काटा नखानं खरवडायचा की चिमटीनं ओढायचा, यावर मात्र उगाच वाद होतात. बहुतेक विष पहिल्या काही सेकंदांतच आत जातं, त्यामुळे कसाही काढा, पण लगेच काढा. चुना लावण्यात आणि लोखंड घासण्यात तेवढा वेळ वाया जातो.

ॲलर्जीला एक दंशही पुरतो. प्रतिपिंडं म्हणजे ॲण्टिबॉडी शरीराचं रक्षण करतात, हे आपण शाळेत शिकतो; पण त्यांचे प्रकार आहेत आणि सगळ्यांची कामं सारखी नाहीत. पहिल्या दंशानंतर काही जणांच्या शरीरात विषातल्या प्रथिनांविरुद्ध आयजीई या प्रकारची प्रतिपिंडं तयार होतात. हा प्रकार १९६० च्या दशकात इशिझाका दांपत्यानं अमेरिकेत आणि योहान्सन व बेनिच यांनी स्वीडनमध्ये स्वतंत्रपणे ओळखला. आयजीई त्वचेतल्या, श्वासमार्गातल्या मास्ट नावाच्या पेशींवर जाऊन बसते आणि माणसाला काहीच जाणवत नाही. पुढच्या दंशात तेच प्रथिन आलं आणि शेजारच्या दोन आयजीई त्यानं एकत्र जोडल्या की मास्ट पेशी हिस्टामिन आणि इतर द्रव्यं एकदम ओततात. मिनिटांत अंगभर गांधी उठतात, घसा आवळतो, रक्तदाब कोसळतो. म्हणजे पूर्वी माशी चावणं हे ॲलर्जी नसल्याचं प्रमाणपत्र नव्हे. आयजीई तयार व्हायला आधीचा दंश लागतोच. उलट बाजूही तितकीच खरी. आयुष्यात कधी त्रास न झालेल्या कितीतरी लोकांच्या रक्तात ही आयजीई सापडते, त्यामुळे नुसत्या तपासणीच्या कागदावरून कुणाला रुग्ण ठरवू नये.

एव्हिल हे हिस्टामिनविरोधी औषध; त्यानं खाज थांबते. कोसळणारा रक्तदाब आणि बंद होणारा श्वास थांबत नाही. तिथे पहिलं औषध ॲड्रिनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. ‘त्यानं हृदयावर ताण येईल’ ही भीती डॉक्टरांमध्येही आढळते. पण ठरलेल्या मात्रेत स्नायूत दिलेल्या ॲड्रिनलिनपेक्षा ते द्यायला झालेला उशीर कितीतरी घातक असतो.

आता इम्युनोथेरपी, म्हणजे ज्या विषाची ॲलर्जी आहे तेच वाढत्या मात्रेत टोचण्याचा उपचार. तिनं शरीरातली आयजीई धुऊन निघते, असा समज आहे. तसं होत नाही. मग होतं काय, हे कळण्यासाठी मधपाळांकडे पाहू. वर्षाला मोजकेच दंश होणाऱ्या मधपाळांत ॲलर्जी जास्त आढळते, शेकड्यांनी दंश सोसणाऱ्यांत जवळजवळ नाही. त्यांच्या रक्तात आयजीजी-४ हा दुसरा प्रकार भरपूर असतो. तो विषाच्या प्रथिनाला वाटेतच धरतो आणि आयजीईपर्यंत पोचू देत नाही. शिवाय प्रतिकार यंत्रणेला आवर घालणाऱ्या टी-पेशी वाढतात. इम्युनोथेरपी हेच मोजूनमापून घडवते. सुरुवात मायक्रोग्रॅमच्या अंशापासून, चढत चढत १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे साधारण दोन दंशांचं विष, आणि मग दर चार-सहा आठवड्यांनी तीन ते पाच वर्षं. १९७८ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी रुग्णांना मुद्दाम दंश करवून हे तपासलं. खोटं औषध मिळालेल्या १२ पैकी ७ जणांना, अख्ख्या कीटकांचा जुना अर्क मिळालेल्या ११ पैकी ७ जणांना अंगभर त्रास झाला. शुद्ध विष मिळालेल्या १८ पैकी फक्त एकाला. कित्येक वर्षं वापरात असलेला तो अख्ख्या कीटकांचा अर्क खोट्या औषधाहून बरा नव्हता, हे या प्रयोगानं उघड केलं.

मग मोहोळाजवळ जाऊन थोडे दंश घेतले तर काय बिघडलं, असं कुणी विचारेल. मात्रा आपल्या हातात नसते आणि दोन दंशांमधलं अंतरही नसतं. अधूनमधून होणाऱ्या दंशांनीच तर आयजीई तयार होते. मध खाऊन हे साधेल, ही आशाही फोल, कारण मधात विष नसतं. ही इंजेक्शनं प्रत्येक ॲलर्जीवर चालतात असंही नाही: गाजरगवतानं हातापायाला उठणारी खाज तर मुळात प्रतिपिंडांची नाहीच. ती दुसऱ्या प्रकारच्या टी-पेशींची, दिवस-दोन दिवसांनी उमटणारी, आणि या इंजेक्शनांच्या कक्षेबाहेरची.

मर्यादा लपवण्यात अर्थ नाही. मधमाशीच्या विषावर या उपचारानं साधारण पाचातल्या चौघांना संरक्षण मिळतं. गांधीलमाशीच्या बाबतीत निकाल याहून चांगला आहे. इंजेक्शननंही क्वचित तीव्र प्रतिक्रिया येते, म्हणून ते ॲड्रिनलिन हाताशी असलेल्या दवाखान्यातच घ्यायचं आणि नंतर अर्धा तास तिथेच थांबायचं. भारतात अडचण आणखी एक आहे: धुळीतले कीटक आणि परागकण यांचे अर्क मिळतात, मधमाशीच्या विषाचा प्रमाणित अर्क सहज मिळत नाही. म्हणून एका दंशानं ज्याला चक्कर आली किंवा श्वास कोंडला, त्याची दंशाची तारीख, लक्षणं, किती मिनिटांत सुरू झाली आणि कोणती माशी होती, हे केसपेपरवर लिहून घ्यायला हवं. पुण्याच्या ॲलर्जीतज्ज्ञाला पुढचा निर्णय त्यावरूनच घ्यावा लागतो.